वंदनाताईंची काळी स्लाइड

कारंज्याला जाणाऱ्या एसटीत असताना फोन आला, आमच्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविका वंदनाताई गेल्या. झोपेतच... आदल्याच दिवशी मंगरूळपीरच्या बैठकीत आम्ही शेजारी बसलो होतो.

ताई गावोगावी साप चावल्यावर काय करायचं ते सांगत फिरायच्या. त्यांच्या धाकट्या भावाला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेलं होतं. तो वाचला नाही. घरच्या जुन्या लॅपटॉपवर त्यांनी स्वतः स्लाइड केल्या होत्या आणि तोच घेऊन त्या फिरायच्या. मधली एक नुसती काळी. तिथं त्या थोडं थांबायच्या आणि मग भावाचं सांगायच्या. मी म्हणायचे, "ताई, फाईल नव्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा उघडून तर पाहा."

"कायले? माह्याकडं उघडते नं."

तेरावं झाल्यावर त्यांच्या यजमानांनी पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. "शेवटच्या संध्याकाळीही थे लॅपटॉपसमोर एकटीच बोलून राह्यली होती," एवढंच म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात ठरलेल्या गावी मी गेले. समाजमंदिरात पन्नासेक बाया-माणसं. ऑफिसच्या नव्या लॅपटॉपवर फाईल उघडली, तर जुना फॉन्ट नसल्यानं सगळ्या मराठी मजकुराचा इंग्रजी अक्षरांत काला झालेला. चित्रं तेवढी शाबूत. म्हटलं, आठवेल तसं बोलू. दुसऱ्या चित्रावर बोलत होते तोच पडद्यावर तिसरं आलं. मी कशालाही हात लावला नव्हता. मागं नेलं, जरा वेळानं ते पुन्हा पुढं सरकलं. मग काळी स्लाइड आली आणि तिथंच थांबली... भावाचं मला सांगवेना. मी बटण दाबायला वाकले, तर पुढं बसलेल्या म्हातारीनं हात वर केला. तिनं ताईंना आधी ऐकलं होतं.

"थांब माय. थे आता भावाचं सांगत असन. सांगू दे तिले."

कोणी हललं नाही. पंखा तेवढा फिरत होता. बऱ्याच वेळानं पडदा आपोआप उजळला, रुग्णवाहिकेचा फोटो आला, आणि म्हातारीनं मान डोलावली.

ऑफिसातल्या ऑपरेटरनं नंतर उलगडा केला. ताई सराव करायच्या तेव्हा प्रत्येक स्लाइडची वेळ फाईलमध्ये नोंदवली जायची, आणि शेवटच्या सरावाचीच राहायची. जुन्या लॅपटॉपवर ती सेटिंग बंद असावी, म्हणून त्या हातानंच पुढं न्यायच्या. नव्यात ती आपोआप लागू झाली. म्हणजे त्या शेवटच्या संध्याकाळी रिकाम्या खोलीत ताई जितका वेळ बोलल्या, तितकाच वेळ पडदा काळा राहिला होता.

महिनाभरानं त्याच गावातल्या एका बाईला शेतात निंदताना साप चावला. घरच्यांनी तिला थेट दवाखान्यात आणलं. ती वाचली. मी भेटायला गेले तेव्हा सासू म्हणाली, "मांत्रिकाचं नाव निघालं होतं, पण मले थो काळा पडदा दिसला."

ऑपरेटरनं अक्षरं दुरुस्त करून दिली. "वेळाही काढून टाकू का?" त्यानं विचारलं. मी नको म्हणाले.

आता काळी स्लाइड आली की मी खुर्ची ओढून लोकांमध्ये जाऊन बसते.