मामाचं बादलीतलं लिंबू

हे मी लिहावं की नाही, कळत नाही. आधीच माफी मागतो. मामासोबत खोलीत राहिलेली माणसं त्याला माझ्याहून जास्त ओळखत होती. मी त्याला शेवटची काही वर्षं फक्त फोनवर पाहिलं. पण आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, म्हणून आई म्हणाली, तूच लिही... मामा दोहात झोपेतच गेला, त्याला आता दीड महिना होईल.

आम्ही वरुडकडचे. संत्र्याची कलमं बांधण्यात आबांचा, म्हणजे मामाच्या वडिलांचा, हात कोणी धरू शकत नसे. मामा मात्र वेल्डिंग शिकला आणि वर्ल्ड कपच्या स्टेडियमच्या कामावर गेला. राहायला बरवा अल बराहाची कामगार वसाहत, एका खोलीत चौघं. उम्म सलालच्या रोपवाटिकेतून त्याने कागदी लिंबाचं रोप आणलं आणि रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलं. हिवाळ्यात ते गॅलरीत, उन्हाळ्यात आत एसीत, खिडकीपाशी. "त्याले बी बाहेर जाता येत नाही, मले बी," असं म्हणून हसायचा.

सुट्टीच मिळत नव्हती. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, देश सोडायलाही तेव्हा कंपनीची परवानगी लागायची, आणि साहेबांचं उत्तर एकच... काम संपू द्या, इन्शाल्ला. इकडे आबा आमच्याच घरी अंथरुणाला खिळलेले. त्यांना एकदा डोळ्यांनी पाहायचं, एवढंच मामाला हवं होतं.

फुलं यावीत म्हणून लिंबाचं, संत्र्याचं पाणी काही दिवस तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पाणी पुन्हा कधी सुरू करायचं ते पानं बघून ठरतं. मामा फोनचा कॅमेरा बादलीवर धरायचा. "आबाले इचार राजा, पानं मुरगयली, पाणी देऊ का आता?" आबा पडल्या पडल्या बघायचे. "थांब म्हना अजून."

तरी फूल येईना. खोलीतले साताऱ्याचे शिंदेकाका, ड्रायव्हर, त्यांना ती कोमेजलेली पानं बघवायची नाहीत. मामा ड्यूटीवर गेला की ते गुपचूप मगभर पाणी ओतायचे. ताण मोडायचा, आणि मामाच्या हाताला माती ओली लागायची.

"मग बोलत काऊन नाही त्यायले?" मी विचारलं.

"जाऊ दे ना. जीव लावते बिचारा. बोललो तं त्याले वाईट वाटन."

मग आबा गेले. आई म्हणाली, त्याला कळवायचं नाही. येता तर येणार नाही, तिथे एकटा रडत बसेल. मामाचे फोन येत राहिले. त्या दिवसांत त्याचा चेहरा दिसायचा नाही, नुसतं झाड. "आबाले इचार." मी आईकडे बघायचो, ती मान हलवायची. "आबा म्हणतात, थांब अजून." पलीकडून "बरं."

मामा गेला तेव्हा त्याला घेऊन शिंदेकाकाच आले. त्याच्या तेरवीनंतर ओट्यावर बसलो होतो. मी म्हणालो, आबांचं मामाला शेवटपर्यंत कळलं नाही, तेवढं एक बरं झालं.

काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"कळलं नाही कसं, लेका? तुमच्या गावच्या कुणाच्या तरी स्टेटसला आबांचा फोटो होता. दुसऱ्याच दिवशी दिसला त्याला. बाथरूममध्ये मीच त्याचं डोकं भादरलं. म्हणाला, ताईला कळू देऊ नका."