थंडीत सगळेच बहिरे

आधीच माफी मागतो. मी आठवीतून शाळा सोडली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि मोठे शब्द मला येत नाहीत. बोलायलाही मी लाजतो. पण रियाधला अल सुलै भागातल्या गोदामात काम करणाऱ्यांकडे किस्से असे साठतात की खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही! सुट्टीच्या दिवशी एक जण चहा ठेवतो, दुसरा "आठवतंय का?" म्हणतो, आणि चहा उतू जातो. यंदा थंडी पडली तसे मागच्या थंडीतले हेडफोनचे किस्से निघाले. हसलो. पण त्यातले निम्मे किस्से दाऊदचाचांचे, आणि चाचा आता इथे नाहीत.

* * *

सौदीत थंडी असते हे गावी कुणाला पटत नाही. अम्मी फोनवर म्हणते, "वाळवंटात कसली रे थंडी? कामाला कंटाळलास तर सरळ सांग!"

तिला जानेवारीत पहाटे फजरच्या नमाजानंतर आमच्या यार्डात उभं करायला हवं. उघडं मैदान, कंटेनरच्या रांगा, आणि त्यांच्या मधून सुटणारा वारा. कान गळून पडतील असं वाटतं. कंपनी जॅकेट देते. कानांचं ज्याचं त्यानं बघायचं.

तोड काढली आसिफनं. आसिफ चिपळूणचा, माझ्याच खोलीतला. त्यानं बाजारातून जाड गादीचे मोठे हेडफोन आणले आणि माकडटोपीवरून चढवले. गाणं नाही, चार्जिंग नाही, नुसती ऊब! थोड्याच दिवसांत सगळ्या यार्डाच्या डोक्यावर हेडफोन.

* * *

एकदा ट्रेलर घेऊन एक खानसाहेब आले. पेशावरचे, दाढी छातीपर्यंत. आसिफला बघून म्हणाले, "क्या सुन रहे हो भाई?"

आता बंद हेडफोन घालून फिरतो हे कसं सांगणार? आसिफनं मान डोलावली. "बहुत अच्छा गाना है, खानसाहब!"

"हमको भी सुनाओ."

आसिफनं गुपचूप हेडफोन काढून दिले. खानसाहेबांनी कानाला लावले, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं. मग परत देत म्हणाले, "हां, पुराना है. लेकिन अच्छा है!"

* * *

पुढे आसिफला खरोखरच गाणी ऐकायची हौस आली. त्यानं ते छोटे, बिनवायरचे, कानात घालायचे घेतले. एका सकाळी खजुराच्या खोक्यांना प्लॅस्टिक गुंडाळत होता. एका कानातलं कधी खोक्यांत पडलं ते त्याला कळलंच नाही, कारण कान गारठून मेलेला! ट्रक भरला, निघाला. फाटकाबाहेर गेला आणि उरलेल्या कानातलं गाणंही तुटलं.

आसिफ ट्रकमागे धावला. परत आला तो धापा टाकत.

"काय झालं?" मी विचारलं.

"माझा एक कान जेद्दाला गेला!"

* * *

दाऊदचाचा दापोलीकडचे. आमच्याच खोलीत खालच्या पलंगावर. त्यांना ऐकू कमी येत होतं, आणि दरवर्षी आणखी कमी. हे फक्त आसिफला आणि मला माहीत होतं. फोरमनला कळलं असतं तर मेडिकल, आणि मेडिकल म्हणजे इकामा, इथं राहायचा परवाना, खलास. चाचांची मुलगी नर्सिंग शिकत होती. तिचं पूर्ण होईपर्यंत त्यांना टिकायचं होतं, बस.

उन्हाळ्यात त्यांचे हाल. कुणी हाक मारली की खोकल्याचं नाटक, चपलेत खडा गेल्याचं नाटक. पण थंडीत सगळ्यांच्याच कानांवर हेडफोन. फोरमनसाहेब स्वतः समोर येऊन हातवारे करून काम सांगायचे. आम्ही थंडीला शिव्या द्यायचो, चाचा दुवा द्यायचे.

"अल्लाची मेहरबानी आहे रे थंडी," ते म्हणायचे. "सगळेच बहिरे होतात!"

मला बोलायची लाज, त्यांना ऐकू येत नाही. आमचं दोघांचं फार छान जमायचं. आता वाटतं, त्यांच्याजवळ बसून चार शब्द मोठ्यानं बोललो असतो तर काय बिघडलं असतं?

* * *

चाचांचे हेडफोन मात्र चालू असायचे. चाचीचा फोन आला की आवाज पूर्ण वाढवायचे. त्यांना वाटायचं, आपल्यालाच ऐकू येतंय. एकदा चाचीचा आवाज सगळ्या यार्डात घुमला.

"अवो, परसातला नळ गळतोय! आणि त्या लाजऱ्या पोराला वाढून द्या, तो मागून घ्यायचा नाही!"

दुसऱ्या दिवशी यार्डातले बंगाली, नेपाळी, सगळे चाचांना विचारत होते, "चाचा, नल ठीक हुआ?"

चाचा खोलीवर येऊन आसिफवर भडकले. "घरातल्या गोष्टी बाहेर कोण सांगतं?"

* * *

हा किस्सा सांगताना आसिफ अजूनही मध्येच थांबतो.

चाचा पाठमोरे उभे राहून खोक्यांवर लेबल लावत होते. मागून फोर्कलिफ्ट उलटी येत होती. मी ओरडलो, "चाचा!" आयुष्यात एवढ्या मोठ्यानं कधी ओरडलो नव्हतो. चाचांना ऐकू आलं नाही. फोर्कलिफ्टवाल्यालाही नाही, कारण त्याच्या कानांवर आसिफनंच आणून दिलेले हेडफोन!

आसिफनं हातातलं टेपचं रिळ त्याच्यावर फेकून मारलं, तेव्हा तो थांबला. चाचांपासून हातभर अंतरावर. चाचांनी वळून पाहिलं. त्यांना वाटलं, आपल्याला वाट देतोय. छातीवर हात ठेवून म्हणाले, "शुक्रन!" आणि पुढे निघून गेले.

सगळा दोष हेडफोनवर गेला. फोरमनसाहेबांनी तिथेच जाहीर केलं, "आज से यार्ड में हेडफोन खलास!"

* * *

पुढे ऊन तापायला लागलं आणि व्हायचं ते झालं. मेडिकल झालं, कायमचं परत पाठवायचा, फायनल एक्झिटचा शिक्का बसला, चाचा गेले. मुलीचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. तो किस्सा नाही, म्हणून सांगत नाही.

पण बंदीनंतरच्या पहिल्या हजेरीचा सांगतो.

सगळे उघड्या कानांनी वाऱ्यात उभे. फोरमनसाहेब एकेक नाव घेत होते.

"दाऊद!"

चाचा मजेत हात चोळत उभे.

"दाऊद!"

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "हाजिर!" नेमका त्याच वेळी पलीकडून आसिफही ओरडला, "हाजिर!"

फोरमनसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, आसिफकडे बघितलं. "आज दाऊद दो आया है?"

सगळं यार्ड हसायला लागलं. सगळे हसतायत हे बघून चाचाही हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

फोरमनसाहेब तेवढे हसले नाहीत. चाचांकडे बघत राहिले, मग पुढचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरीला चाचांच्या समोर, त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिलो. फोरमनसाहेबांकडे माझी पाठ.

"ए, तू उलटा क्यों खड़ा है?"

"साहब, हवा सामने से लगती है."

मग माझ्या पाठीमागून आवाज आला, "दाऊद!"

मी चाचांकडे बघून मान हलवली.

"हाजिर!" चाचा म्हणाले.