साडूंच्या घरची माती

आमच्या थोरल्या साडूंनी आजवर कुठलीही गोष्ट नुसती डोळ्यांनी बघून खरी मानलेली नाही. डोळे देवानं माणूस कशाला धडकू नये एवढ्यापुरते दिलेत, बाकी जग कळायचं ते हातानं, असं त्यांचं ठाम मत आहे. लग्नाची पत्रिका आली की नवरा-नवरीची नावं वाचायच्या आधी ते कागद चिमटीत चोळतात आणि पाहुणे कितपत तालेवार आहेत ते सांगतात. कापडाच्या दुकानात ते डोळे मिटून ठाण चाचपतात, त्यामुळे नवा नोकर असला की यांना घेरी आली असं समजून तो आधी पाणी आणून देतो. माझं लग्न ठरायच्या वेळी त्यांनी गप्पा मारता मारता माझ्या दंडावरून हात फिरवला आणि सासऱ्यांना हळूच "चालंल" म्हणून सांगितलं, हे मला लग्नानंतर दहा वर्षांनी कळलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. साडूंच्या हातात आरसा दिला तर ते आधी काच जाड आहे की पातळ ते बघतील.

हा नाद उगीच नव्हता. त्यांचं घर मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे, आणि पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा झाला की तो साडूंना बाजाराला नेल्याशिवाय राहत नसे. ते बैलाच्या वशिंडापासून शेपटीपर्यंत एकदाच सावकाश हात फिरवायचे आणि विकणाऱ्याला विचारायचे, "याचा डावा खांदा सुजून गेलता. कावून?" तो बिचारा खाली बघायचा. हे "कावून" म्हणजे साडूंचा दुसरा नाद. आमच्याकडे 'का' या अर्थानं सगळेच कावून म्हणतात, पण साडू विचारतात ते उत्तर मिळेपर्यंत. डॉक्टरनं गोड बंद करा म्हटलं तर कावून, आणि कीर्तनकारानं संसार असार आहे म्हटलं तरी कावून.

डॉक्टरचा विषय निघाला तो साखरेमुळे. तीनेक वर्षांपूर्वी साडूंना साखरेनं गाठलं. बोटांच्या टोकांना आधी मुंग्या आल्या, मग बधिरपणा. एकदा त्यांनी हात फिरवून पसंत केलेल्या बैलाच्या खांद्यात जुनी गाठ निघाली. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या बाजाराला बोलवायलाही कुणी आलं नाही. त्या दिवशी मी योगायोगानं तिथं होतो. साडू स्वच्छ धोतर-टोपी घालून ओट्यावर बसले होते, आणि दहा वाजून गेल्यावर उठून आत गेले. मला फार वाईट वाटलं.

मग त्यांनी एक जुनी मरून रंगाची मोटार घेतली. गाडीला बैलासारखंच तळहातानं थोपटायचे. धुऊन धुऊनही तिचा रंग मेलेला दिसायचा, म्हणून मी त्यांना बीडला आमच्या घराजवळच्या पॉलिशवाल्याकडे घेऊन गेलो. तो म्हणाला, "आधी क्ले मारावी लागंल, मग मेण."

"क्ले म्हंजी?"

"माती."

साडू खुर्ची ओढून बसले. "गाडीवरची माती काढाया परत मातीच? कावून?"

पॉलिशवाला शांत स्वभावाचा निघाला. त्यानं समजावलं, धुण्यानं वरची धूळ जाते. पण डांबराचे बारीक शिंतोडे, ब्रेकच्या लोखंडाचे कण रंगात रुतून बसतात. ते पाण्याला दाद देत नाहीत, या चिकट मातीला चिकटून येतात. आणि रुतलेलं तसंच ठेवून मेण लावलं तर मेण धरत नाही. मग त्यानं साडूंना धुतलेल्या बॉनेटवर हात फिरवायला लावला.

"गुळगुळीत हाय," साडू म्हणाले.

"आता ही कॅरीबॅग हातात घाला आन् फिरवा."

साडूंनी पातळ पिशवीत हात घातला, फिरवला आणि थांबले. पुन्हा फिरवला. नुकत्याच टाकी दिलेल्या जात्यासारखा तो पत्रा खरखरत होता. त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "मग उघड्या हाताला कावून कळंना?"

"कुणाच्याच हाताला कळत न्हाई, काका. माझ्या बी न्हाई."

साडूंचा चेहरा असा उजळला की मी बघत राहिलो. "पाव्हणं," ते मला म्हणाले, "म्हंजी दोष हाताचा न्हाई." काम तिथं करून न घेता त्यांनी साबणाच्या वडीएवढी ती निळी माती विकत घेतली आणि सरळ घर गाठलं.

तेव्हापासून साडूंच्या खिशात एक कॅरीबॅग कायम असते. त्यांनी पिशवीतल्या हातानं भाकरी तपासली, देवळाचा खांब तपासला, माझी दाढी तपासली आणि नवा वस्तारा घ्यायला सांगितलं. मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्याच्या पांढऱ्या गाडीवरून हात फिरवून ते चारचौघांत म्हणाले, "सायेब, वरून लई चकचकीत हाय, पर आतून खरखर लागतंय." पुढारी चहा न घेताच गेला. मातीचं काम मात्र ते सोवळ्यात असल्यासारखं करायचे. गाडी धुऊन सावलीत घ्यायची, साबणाचं पाणी फवारायचं, मातीची चपटी पुरी करून जोर न देता सरळ रेषेत सरकवायची, काळी पडली की मळून नवी बाजू वर आणायची. वडी खाली पडली तर टाकून द्यायची, कारण तिला लागलेला खडा रंगावर ओरखडे काढतो. पहिल्यांदा त्यांनी ती अक्काच्या परातीत मळली. अक्का म्हणजे माझ्या बायकोची बहीण; तिनं ती परात त्यांनाच देऊन टाकली.

गेल्या दसऱ्याच्या आधी साडूंना वाटलं, ही विद्या सगळ्या नातेवाइकांना दाखवावी. त्यांनी मोबाइलवर घरच्या ग्रुपमध्ये लिहिलं, "उद्या सकाळी दहा वाजता आमच्या घरी माती आहे. सर्वांनी यावे."

आमच्या भागात माती म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. कुणाच्या अंत्यविधीला जायचं तर आम्ही 'मातीला' जातो. कुणाची माती, हे विचारायचा धीर कुणालाच झाला नाही. केला असता तरी उपयोग नव्हता; फोन साडूंनी बंद करून चार्जिंगला लावून ठेवलेला. सकाळी आम्ही दोघं बीडहून निघालो ते बायको रस्ताभर रडत होती. युसूफ वडगाव या गावाहून बायकोचे मामा जीप भरून आले, पुरुषांच्या डोक्याला उपरणी, बायकांनी सुतकाच्या घरी न्यायचा कडू घास म्हणून पिठलं-भाकरी बांधून आणलेली. फाटकातच मोठा गळा निघाला. तो ऐकून आतून अक्का धावत आली, तशी अर्ध्या बायका गप्प झाल्या आणि उरलेल्या अर्ध्यांनी साडूंसाठी आवाज वाढवला. तेवढ्यात साडू हातात पिशवी घालून बाहेर आले. "आलात? बसा. गाडी सावलीत घेतलीया."

मामा म्हणाले, "माती कुणाची हाय बे?"

"माझी," साडू म्हणाले. "बीडहून आणली."

मामांनी पायातली वहाण काढली होती, ती त्यांना परत घालायला लावायला तिघे लागले. पण आलेला माणूस तसा जातो कुठं? साडूंनी बॉनेटचा उजवा भाग मातीनं साफ केला, डावा तसाच ठेवला आणि सगळ्यांना एकेक पिशवी दिली. रडून लाल झालेल्या डोळ्यांच्या बायका रांगेनं हात फिरवू लागल्या. "अगं बया, हिकडं लोणी आन् तिकडं वाळू." मामांनी तर चारदा फिरवला आणि साडूंना 'कावून' विचारलं.

सगळे पिठलं-भाकरीला बसले तेव्हा साडू एकटेच गाडीपाशी होते. त्यांनी पिशवीतला हात डाव्या बाजूवरून फिरवला, मग उजव्या. पुन्हा डाव्या. मग मला खुणेनं बोलावलं.

"पाव्हणं, डाव्या बाजूला खरखर हाय?"

मी हात फिरवला. "हाय."

"मला दोन्हीकडं सारखंच लागतंय," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात लागत हुतं."

आयुष्यभर कावून विचारणारा माणूस, पण ते त्यांनी या वेळी विचारलं नाही. त्यांनी माझा पिशवीतला हात मनगटाला धरला आणि बॉनेटवर ठेवला. "हितं?" "हाय." "हितं?" "हाय अजून." मग त्यांनी माती सरकवली, पाणी पुसलं आणि माझा हात परत तिथंच आणला. "आता?" "गेलं." असं करत आम्ही डावी बाजू संपवली आणि मग मेण लावलं. ऊन कललं तेव्हा त्या मरून पत्र्यात आम्हा दोघांची तोंडं दिसत होती.

आता दर दोन-तीन महिन्यांनी साडूंचा फोन येतो, आणि मी जातो. माती ते लावतात, हात माझा असतो. बीडच्या स्टँडवर कुणी ओळखीचा भेटतो, कुठं निघालात म्हणून विचारतो. साडूंकडं मातीला, असं माझ्या तोंडून निघून जातं. तो माणूस चेहरा पाडून "अरेरे" म्हणतो. सुरुवातीला मी घाईनं खुलासा करायचो. हल्ली करत नाही. नुसती मान हलवतो आणि एस्टीत जाऊन बसतो.