ठुशी आणि सरांचं विश्लेषण

हळदीच्या मांडवात कुणी मोबाईलवर मॅच बघत बसलेला दिसला की आजही माझं डोकं सणकतं. घरचे म्हणतात, निवृत्त झालात, आता तरी शांत व्हा. कसला शांत होतोय! ती ठुशी डोळ्यांसमोरून जात नाही.

मी तेव्हा रोह्याला सहायक पोलीस निरीक्षक होतो. आमच्याकडे लग्नापेक्षा हळदीला गर्दी जास्त. पेण आणि रोहा, दोन्ही तालुक्यांतले सोयरे एकाच मांडवात जमतात. त्यामुळे रोह्याजवळच्या खांब गावाच्या बाजूच्या एका गावातून पोलीस पाटलांचा फोन आला, "साहेब, हळदीत डोकी फुटलीत, लवकर या," तेव्हा भांडण दारूवरूनच असणार असं मी धरून चाललो होतो. गाडी काढली.

दारू नव्हतीच. नवरीचा सख्खा भाऊ आणि पेणकडच्या कासू गावाहून आलेला तिचा मावसभाऊ एकमेकांच्या उरावर बसले होते. दोघांना आधी सरकारी दवाखान्यात नेलं, मग ठाण्यात आणलं, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि विचारलं, "कशावरून?"

"फुटबॉलवरून," मावसभाऊ म्हणाला.

हवालदाराला हसू फुटलं. मला नाही. भातशेतीच्या घरातली पोरं, जन्मात कधी फुटबॉलला लाथ मारलेली नाही, आणि परदेशातल्या मॅचवरून सख्ख्या मावशीच्या पोराचं डोकं फोडतात?

त्या संध्याकाळी एका बलाढ्य संघाची मॅच तळाला गेलेल्या, रडतखडत चाललेल्या संघाशी होती. तळाचा संघ जिंकला. मावसभाऊ मांडवातच नाचायला लागला, "सरांनी सांगितलंच व्हतं!" नवरीच्या भावाने विचारलं, "कुठले सर?" दोघांचे सर एकच निघाले. रोह्यात गणिताचे क्लास घेणारे, फोनवरून मॅचचं विश्लेषण सांगणारे आणि पैजाही स्वतःच घेणारे. भावाला वाटलं, हा आपल्याला मुद्दाम डिवचतोय. त्याचा हात उठला.

दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, सर नक्की काय म्हणाले? दोघांनीही तेच म्हणून दाखवलं. मोठा संघ एकामागून एक सामने खेळून दमलाय. त्यांचा गोल मारणारा दुखापतीने बाहेर आहे. छोट्या संघाला घरचं मैदान आहे. शेवट तेवढा निराळा. कासूवाल्याला सांगितलं, म्हणून आज छोटा जिंकणार. खांबवाल्याला सांगितलं, तरीही मोठाच जिंकणार.

"आणि तू काय लावलंस?" मी नवरीच्या भावाला विचारलं.

त्याने डोक्यावरची पट्टी चाचपली. मग पोरगा फुटला. "आयची ठुशी, साहेब. आय गेली तवा बहिणीसाठी ठेवून गेली व्हती. उद्या तिच्या गळ्यात घालायची व्हती. सर म्हणाले, रोख नाय तर वस्तू चालंल, डबल करून देतो."

कानाखाली आवाज काढावा असं वाटलं. काढला नाही, कारण त्याच्या डोक्याला आधीच टाके होते.

सरांना घरून उचललं. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. "साहेब, मी फक्त विश्लेषण देतो. निर्णय ज्याचा त्याचा." विश्लेषण म्हणे! ठुशी कुठे आहे म्हटलं, तर कसली ठुशी? आवाज चढवून उपयोग नव्हता. हा माणूस दिवसभर पोरांवर आवाज चढवून पोट भरणारा.

मी दोन्ही भावांना आत बोलावलं, त्याच्या समोर बसवलं आणि म्हटलं, "सर, उद्या कुठलीतरी मॅच असेलच. सांगा कोण जिंकणार. दोघांना एकदम सांगा."

त्याने घाम पुसला. याच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"सांगा की."

"दोघांना एकच सांगून कसं चालेल?" तो बोलून गेला आणि जीभ चावली.

पुढचं सोपं होतं. पेणकडच्यांना एक संघ, रोह्याकडच्यांना दुसरा. जिंकणारे त्याला देव मानायचे, हरणारे नशिबाला शिव्या द्यायचे. दोन्हीकडचे एकमेकांना कुठे भेटणार, हा याचा हिशोब. गणिताचा मास्तर, पण हळदीचा मांडव हिशोबात धरायला विसरला! सकाळी पंच घेऊन घरझडती घेतली. कपाटात साड्यांखाली ठुशी सापडली. पंचनामा झाला, सील लागलं.

ठाण्यात परतलो तर दारात नवरी उभी. अंगाची हळद तशीच. हळद लागलेली पोर घराबाहेर पाठवत नाहीत आमच्याकडे, पण ही आली होती.

"साहेब, गावली ना? अक्षता पडंपर्यंत द्या. आयचं तेवढंच हाय माझ्याकडं. परत आणून देते, शप्पथ."

ठुशी माझ्या हातातल्या सीलबंद पाकिटात होती. ती आता तिच्या आईची राहिली नव्हती, मुद्देमाल झाली होती. कोर्टाच्या हुकुमाशिवाय देता येत नव्हती आणि कोर्टाला सुट्टी. मी नाही म्हणालो. भावाला मांडवात उभं राहायला सोडलं, एवढंच माझ्या हातात होतं. ती ठुशीशिवायच बोहल्यावर चढली.

पुढे सरांच्या वकिलाने कोर्टात सांगितलं की ठुशी सरांनी विकत घेतलेली आहे. झालं! तारखांवर तारखा. त्या माणसाला जामीन लगेच मिळाला, ठुशीला मिळाला नाही.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. जुगार खेळतोस का विचारलं असतं, तर तो पोरगा लांब पळाला असता. मॅचचा अभ्यास म्हटल्यावर त्याने आईचा दागिना काढून दिला. उघड्या चोराला लोक ओळखतात. असल्या शिकल्यासवरल्या हरामखोराला मात्र "सर" म्हणून नमस्कार करतात, याचा मला आजही संताप येतो.

अखेर हुकूम झाला आणि बहीण-भाऊ ठुशी न्यायला आले. तिच्या कडेवर मुलगी होती. तिने सही केली, ठुशी पदराने पुसली, पण गळ्यात घातली नाही. पोरीच्या गळ्याला लावून बघितली. मग भावाकडे वळली.

"हिच्या हळदीला ये," ती म्हणाली. "पन ठुशी कुठं ठेवलीय ते तुला सांगनार नाय."

मी रजिस्टर बंद केलं.