पेढा, बर्फी आणि मासे

माझ्या भाचीच्या, केतकीच्या, डोहाळजेवणात तिच्यापुढे दोन झाकलेल्या वाट्या आल्या. एकीत पेढा, म्हणजे मुलगा. दुसरीत बर्फी, म्हणजे मुलगी. केतकी माशांच्या जनुकांवर संशोधन करते. ती हसत मला म्हणाली, "मावशी, माशांत हा खेळ जमायचाच नाही गं. अगदी जवळच्या दोन जातींतसुद्धा नर-मादी ठरवणारं जनुक वेगळं निघतं. काहींत तर पाण्याची ऊबही ते ठरवते."

मला गंमत वाटली. एवढी मोठी गोष्ट, आणि मासे तिचा नियम किती सहज बदलत आले! जुनं गुणसूत्र मागे पडतं, दुसरं त्याचं काम उचलतं, आणि पिल्लं होतच राहतात. माणसाचा नियम मात्र युगानुयुगं तोच.

केतकीनं झाकण उचललं. बर्फी निघाली. तिच्या सासूबाई मायेनं म्हणाल्या, "असू दे हो. पहिली बेटी, धनाची पेटी."

केतकीनं बर्फी तोंडात टाकली. मी दुसऱ्या वाटीतल्या पेढ्याकडे बघत राहिले. तो निघाला असता, तर कुणालाच म्हण आठवावी लागली नसती.