बॉनेटचे झरोके आणि धाकट्याचा हात

पत्र्याच्या कामात धाकट्याचा हात धरील असा माणूस अजून जन्माला यायचाय. उगाच नाही सांगत. ठोकून सरळ केलेल्या दारावर तो डोळे मिटून तळवा फिरवायचा आणि मध्येच थांबून म्हणायचा, "इथे जरा पोट आहे." बघणाऱ्याला काही फुगलेलं दिसायचं नाही. रंग चढला की मग दिसायचं, बरोब्बर तिथेच. मोठमोठ्या शोरूमवाल्यांनी तोंडात बोटं घातली होती. आणि ही गोष्ट अख्ख्या रस्त्याला ठाऊक होती, कारण ती सांगायला त्याचा थोरला भाऊ, दादा, गॅरेजच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेला असायचा. दादा शाळा अर्धवट सोडलेला, पण बोलायला लागला की वकिलाने फी परत करावी. गिऱ्हाईक दादाने आणायचं, पत्रा धाकट्याने बघायचा, अशी वाटणी. दादाने हत्यार खाली ठेवून बरीच वर्षं झाली होती.

थंडीत धाकट्याची बोटं पांढरी पडायला लागली. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. शर्टाची बटणं बायको लावून द्यायला लागली. डॉक्टरने विचारलं, काम काय करता? ग्राइंडर, हातोडी. डॉक्टर म्हणाला, त्या थरथरीनेच नसा गेल्यात, आता थांबवा, नाहीतर उरलंय तेही जाईल. धाकटा बरं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी ग्राइंडर हातात घेतला. त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बटण लावता लावता बायको रडली, तेव्हाही तो तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत राहिला. भिंतीचा रंग एका जागी उडाला होता.

दादाला त्याने सांगितलं नाही. दादाने त्या हाताची एवढी शेखी मिरवलेली, की आता सांगणं म्हणजे भर रस्त्यात दादाला मान खाली घालायला लावणं. शिवाय हात गेला म्हटल्यावर पत्रा सोडायचा, आणि पत्र्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. म्हणून दादा चहाला गेला की तो वाकून पत्र्यावर गाल टेकवायचा. गालाला अजून कळत होतं.

अशात एक दिवस ड्रायव्हिंग स्कूलवाल्या बाई वाफा सोडणारी गाडी घेऊन आल्या.

"ही गाडी आहे का चूल?" बाई उतरायच्या आधीच ओरडल्या. "शिकाऊ मंडळी चढावर पहिल्या गियरमध्ये रांगतात. अर्धा चढ झाला की काटा लालमध्ये. काल एक गृहस्थ घाबरून स्टिअरिंग सोडून पळाले!"

"रेडिएटर बघितला का?" धाकट्याने विचारलं.

"रेडिएटर नवा, पंखा नवा, आतलं पाणी नवं. जुनी काय ती मी एकटी."

धाकट्याने बॉनेट उघडून आत पाहिलं. "गाडी हळू चालली की आत हवा कोंडते. रेडिएटरच्या मागे बॉनेटला झरोके पाडले तर गरम हवा वरून निघून जाईल."

"माझ्या गाडीला भोकं पाडणार?"

"भोकं दुसरे पाडतात, बाई," दादा खुर्चीतून उठला. "आमचा धाकटा झरोके पाडतो. उद्या या. त्याचा हात बघा आणि मग बोला."

दुसऱ्या दिवशी बाई खरंच आल्या. बॉनेट काढून दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं होतं. धाकट्याने खालच्या आधाराच्या पट्ट्या टाळून खडूने रेघा आखल्या, पहिली रेघ ग्राइंडरने चिरली, खाली लाकडाचा ठोकळा धरून पत्र्याचा ओठ वर उचलला. ओठाचं तोंड मागच्या बाजूला, म्हणजे समोरून येणारा पाऊस थेट आत जायला नको. काठ कानशीने घासायचे अजून बाकी होते. पण दादाला कुठला धीर!

"बाई, आता बघा. ए, डोळे मिट. सांग यांना कुठे उंच, कुठे खोल."

धाकट्याने डोळे मिटले. तळवा पुढे सरकवला. हाताखाली पत्रा आहे की नाही, हेही त्याला कळत नव्हतं. "सपाट आहे," तो म्हणाला.

"अहो, रक्त!" बाई किंचाळल्या.

झरोक्याच्या कच्च्या काठाने बोट चिरलं होतं, आणि हात तसाच पुढे चालला होता. मागे लाल पट्टा उमटत होता.

धाकटा डोळे मिटूनच म्हणाला, "कुठे?"

दादाचं हसू तिथेच राहिलं. त्याने पुढे होऊन धाकट्याचं मनगट धरलं, बोटाभोवती फडकं गुंडाळलं, जरा जोरातच आवळलं. धाकट्याने हूं का चूं केलं नाही.

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"मला बोलला का नाहीस?"

"तू सगळ्यांना सांगून ठेवलेलं."

दादा गप्प बसलेला त्या रस्त्याने पहिल्यांदाच बघितला असेल. बाई पर्सची चेन उगाच उघडत-मिटत होत्या. तेवढ्यात धाकटा खाली वाकला, बाहीने रक्त पुसून पत्र्यावर गाल टेकवला आणि हळूच सरकवला. "सपाट नाही," तो म्हणाला. "डाव्या टोकाला उचललाय."

दादाने कानस पट्टीसारखी आडवी टेकवून बघितली. उचललेला होता.

"बघितलंत?" दादाचा आवाज फाटला, पण चढला. "हाताने कुणीही सांगेल, बाई! गालाने पत्रा ओळखणारा दुसरा दाखवा मला. दाखवाच!"

"नाही हो दाखवत," बाई हळूच म्हणाल्या.

मग दादाने खुर्ची उचलून आत नेऊन ठेवली, बाह्या सारल्या आणि ग्राइंडर घेतला. "तू नुसतं सांगायचं. ह्याला पुन्हा हात लावलास तर बघ."

"तुला जमायचं नाही."

"तुला हातोडी धरायला कुणी शिकवलं रे?"

उरलेले झरोके दादाने पाडले. शेवटचा तिरका गेला. बाईंनी बोट दाखवलं तेव्हा दादा म्हणाला, तो मुद्दाम तसा आहे, हवेला वळण मिळतं. धाकट्याला वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. फक्त आता रोज सकाळी ग्राइंडर उचलायचा नाही, एवढं त्याच्या लक्षात आलं.

रंग वाळल्यावर तिघं त्या चढावर गेली. बाईंनी पहिल्या गियरमध्ये गाडी रांगवली, वर जाऊन उभी केली. काटा लालमध्ये न जाता मधेच थांबून होता. खात्री करायला दोघे भाऊ उतरले. झरोक्यांवरची हवा थरथरत होती. धाकट्याने तळवा वर धरला.

"लागतंय का गरम?" दादाने विचारलं.

"नाही."

"मग गाल लाव."

"भाजेल की."

दादा मोठ्याने हसला. मग त्याने स्वतःचा हात झरोक्यावर धरला.

"गरम आहे," तो म्हणाला. "सगळीकडून निघतंय. त्या तिरक्यातून जरा जास्तच." बाईंनी हॉर्न वाजवला, तरी दादाने हात काढला नाही. "चांगलं गरम आहे रे."