सातवा रकाना

बँकेच्या तिसऱ्या मजल्यावर त्याला सगळे चाळणी म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. ज्या माणसांशी आणि कंपन्यांशी व्यवहार करायला सरकारने मनाई केलेली असते, त्यांची एक यादी असते. ती रोज सकाळी नव्याने येते. कधी चार नावं वाढलेली असतात, कधी चाळीस. बँकेच्या सगळ्या खातेदारांची नावं त्या यादीशी ताडून बघायची, एखादं जुळलं तर तो खरंच यादीतला माणूस आहे की त्याच नावाचा दुसराच कुणी बिचारा आहे हे तपासायचं, हे चाळणीचं काम. बावीस वर्षं ते त्याने डोळ्यांत तेल घालून केलं होतं. चाळणीला भोकंही असतात, हे मात्र नाव ठेवणाऱ्यांनी आणि मिरवणाऱ्याने कधी मनावर घेतलं नाही.

कामाचे नियम कडक होते. शंका फिटली नाही तर खातं आधी गोठवायचं, चौकशी मागाहून. खातेदाराला कारण सांगायचं नाही, कारण तो खरोखरच यादीतला असेल तर सावध होईल. आणि प्रत्येक जुळलेल्या नावासाठी एक फॉर्म भरायचा. त्यात सात रकाने. पहिल्या सहांमध्ये नाव, जन्म, पत्ता, धंदा वगैरे. सातव्यात एकच प्रश्न: खातेदाराशी आपली व्यक्तिगत ओळख आहे काय? कुणी आपल्या मित्राला हळूच सोडून देऊ नये म्हणून तो प्रश्न. 'हो' लिहिलं की फाईल दुसऱ्या टेबलावर जायची आणि लिहिणाऱ्याला खुलासा द्यावा लागायचा. चाळणीने त्या रकान्यात आजवर हजारो वेळा 'नाही' लिहिलं होतं आणि दर वेळी ते खरं होतं.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मागल्या वर्षी एकदा 'हो' लिहिलं. त्यांच्या नणंदेच्या दिरांचं खातं होतं. बाईंना वर तीनदा बोलावणं आलं आणि पुढल्याच महिन्यात त्यांची बदली तळघरात, जुन्या कागदांच्या खोलीत झाली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसेलही. पण चाळणीने कानाला खडा लावला तो लावलाच.

तो राहायचा त्या गल्लीच्या तोंडाशी घड्याळकाकांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक माणूस आणि एक स्टूल मावेल एवढी जागा, भिंतभर घड्याळं, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. लोक थट्टा करायचे की काकांकडे गेलं तर वेळ सोडून सगळं कळतं. अनोळखी गिऱ्हाईक आलं की काका पावतीपुस्तक काढत, नाव लिहून घेत आणि तेच नाव चिठ्ठीवर लिहून दोऱ्याने घड्याळाला बांधत. गल्लीतल्या माणसाचं घड्याळ मात्र नुसतं फडक्यात गुंडाळून खणात जायचं. ज्याचा चेहरा पाठ आहे त्याच्याशी कागद कसले करायचे, असं त्यांचं म्हणणं. चाळणीच्या वडिलांचं मनगटी घड्याळ काकांनी याच रीतीने तीस वर्षं चालतं ठेवलं होतं. वडील गेले आणि याला नोकरी लागली, तेव्हा ते बंद घड्याळ घेऊन हा दुकानात गेला होता. काकांनी ते सुरू करून स्वतःच्या हाताने याच्या मनगटाला बांधलं आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. या गोष्टी चाळणी विसरला होता असं नाही, आणि तेच तर वाईट.

एका सोमवारी सकाळी घड्याळकाकांचं नाव त्याच्या पडद्यावर आलं.

झालं होतं असं. परदेशातल्या कुणा हौशी माणसाने जहाजावरचं एक जुनं घड्याळ काकांकडे दुरुस्तीला पाठवलं होतं आणि कामाचे पैसे बँकेतून धाडले होते. बाहेरून पैसे आले की नाव यादीशी ताडलं जातं. यादीत अगदी काकांच्याच नावाचा एक माणूस होता, मोजमापाची नाजूक यंत्रं चोरट्या वाटेने विकणारा. त्याच्या जन्माचा देश आणि नुसतं वर्ष दिलं होतं. काकांच्याही खात्यात नुसतं वर्षच होतं, आणि तेच. धंद्यापुढे काकांनी कधीकाळी ऐटीत लिहून ठेवलं होतं: घड्याळे व सूक्ष्म यंत्रे.

चाळणीला हसू यायला हवं होतं. चाळीस वर्षं ज्या माणसाने गल्लीचं तोंड सोडलं नाही, तो कुठला आलाय चोरट्या वाटेने यंत्रं विकायला. पण त्याच आठवड्यात विभागप्रमुखाच्या जागेसाठी त्याचं नाव वर गेलं होतं. सहा रकाने भरून तो सातव्यापाशी थांबला. 'हो' लिहावं तर खुलासा आला, वर बोलावणं आलं, तळघर आलं. आपण सोडून थोडंच देतोय, त्याने मनाशी म्हटलं, शंका आहे एवढंच लिहितोय, वरचे बघून घेतील. ओळखच म्हणायची तर एक घड्याळवाला, ज्याच्याकडे आपण कधीमधी जातो. एवढं सगळं स्वतःला समजावून झाल्यावर त्याने 'नाही' लिहिलं. तासाभरात खातं गोठलं.

त्या संध्याकाळी तो मागच्या रस्त्याने घरी आला. दुसऱ्या दिवशीही. मनगटावरचं घड्याळ त्याच आठवड्यात बंद पडलं, तेही त्याने खिशात टाकलं आणि दुरुस्तीचं नाव काढलं नाही.

पाचव्या दिवशी काकाच घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले की बँक पैसे काढू देत नाही, का ते सांगत नाही, खिडकीवरचा माणूस नुसता मान हलवतो. दुकानाचा मालक जागा विकत होता. पहिला हक्क काकांचा, पण महिनाअखेरीपर्यंत पैसे भरले तर. साठवलेलं सगळं त्याच खात्यात होतं.

"तू तिथेच आहेस म्हणून आलो रे," काका म्हणाले. "मोठं काही नको. कुणाला तरी विचार, एवढंच."

"बघतो," चाळणी म्हणाला.

कारण सांगायची मनाई होती हे खरं. पण त्या नियमाच्या आडोशाला उभं राहून त्याला किती बरं वाटलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. काका चहा घेऊन गेले. दाराशी पोचवायला गेलेली बायको परत येऊन म्हणाली, "ऑफिसात जाऊन सांगा ना, आम्ही ओळखतो यांना म्हणून. तेवढंही नाही का चालत?" चाळणीने पेपर उघडला. त्या पेपरात काय होतं ते पुढे त्याला कधीच सांगता आलं नाही.

मग दिवस नुसते सरकत गेले. फाईल वरच्या ऑफिसात पडून होती, कारण तिच्यात घाई करण्यासारखं काही नव्हतं. माणूस अनोळखी, शंका वाजवी, खातं गोठलेलं, सगळं नियमाप्रमाणे. मधल्या काळात चाळणीला बढती मिळाली. टेबलावर पेढ्यांचा पुडा फिरला, लोकांनी हात मिळवले, आणि तो ज्याला त्याला नशीब, नशीब म्हणत राहिला. घरी त्याने ही बातमी दोन दिवसांनी सांगितली, तीही जेवताना, पाणी मागितल्यासारखी. बायकोने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पाणी वाढलं.

काका आणखी दोनदा भेटले. एकदा रस्त्यात, तेव्हा चाळणीने फोन कानाला लावला. फोनवर कुणीही नव्हतं. दुसऱ्यांदा त्यांनी काही विचारलंच नाही. नुसता हात वर केला आणि पुढे गेले. चाळणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विचारलं असतं तर निदान 'बघतो' म्हणता आलं असतं.

महिन्याच्या शेवटच्या तारखेला तो घाईने पुढच्याच रस्त्याने आला आणि त्याने बघितलं. काका भिंतीवरची घड्याळं उतरवत होते. एकेक घड्याळ काढून लंबक थांबवायचा, जुन्या चादरीत गुंडाळायचं, हातगाडीवर ठेवायचं. भिंतीवर घड्याळांच्या आकाराचे फिके डाग राहिले होते. समोरच्या फुटपाथवर चाळणी उभा राहिला. जाऊन हात लावावा एवढं अंतर होतं, आठ-दहा पावलं. त्याला ती टाकता आली नाहीत. लाज कुठली आणि भीती कुठली हे तोवर त्याला वेगळं करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो साहेबांच्या खोलीत गेला आणि उभ्यानेच सांगून टाकलं, की अमुक फॉर्ममधला सातवा रकाना खोटा आहे, मी या माणसाला तीस वर्षं ओळखतो, तो इथल्याच शाळेत शिकला, शाळेच्या रजिस्टरात त्याचा जन्म आणि गाव सापडेल. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसला.

"तेव्हाच 'हो' लिहिलं असतंत," ते म्हणाले, "तर फाईल दुसऱ्या टेबलावर गेली असती. त्यांनी शाळेचं रजिस्टर मागवलं असतं. दोन दिवसांचं काम. तुम्हाला कुणी काही म्हणालं नसतं."

"पण बाईंना तळघरात..."

"त्यांनी स्वतः मागून घेतली ती बदली. गुडघे दुखतात त्यांचे, तीन मजले चढवत नाहीत."

ज्या संकटाला भिऊन चाळणीने एका म्हाताऱ्याचं दुकान घालवलं, ते संकट मुळात नव्हतंच. त्याची बढती गेली, टेबल गेलं, चाळणी हे नावही दोन दिवसांत गेलं. या कशाचंच त्याला वाईट वाटलं नाही; एवढी लहान शिक्षा बघून उलट आणखी लाज वाटली.

शाळेचं रजिस्टर खरोखरच दोन दिवसांत आलं. यादीतला माणूस दुसऱ्याच देशात जन्मलेला होता. खातं मोकळं झालं, आणि काकांना बँकेचं पत्र गेलं की यादीतल्या एका नावाशी आपलं नाव जुळल्याने खातं गोठवलं होतं, गैरसोयीबद्दल क्षमस्व. म्हणजे आता कारण सांगायला मनाई उरली नव्हती. तो आडोसाही गेला.

रविवारी दुपारी तो काकांना शोधत गेला. वह्या-पेनांच्या एका दुकानाच्या जिन्याखाली त्यांनी टेबल टाकलं होतं. मान जरा वाकवूनच बसावं लागत होतं. घड्याळं बरीचशी चादरीतच होती. याला बघताच काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"ये, ये. पत्र आलं बँकेचं. तूच खटपट केलीस ना? मी म्हटलंच होतं सगळ्यांना, तो बघतो म्हणालाय म्हणजे बघणार." त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "दुकान जायचं होतं ते गेलं. पण तू ओळख ठेवलीस बाबा. हल्ली कोण ठेवतो?"

मग त्यांचं लक्ष त्याच्या रिकाम्या मनगटाकडे गेलं आणि त्यांनी हात पुढे केला. चाळणीने खिशातून वडिलांचं घड्याळ काढून दिलं. काकांनी मागचं झाकण उघडलं, फुंकर मारली, "तेल सुकलंय नुसतं," म्हणाले, आणि खणातलं फडकं काढलं.

तेवढ्यावर गप्प बसून निघता आलं असतं. सगळं जमून आलं होतं. पण चाळणीने बोलून टाकलं.

"काका, खातं मीच गोठवलं. तुमचं नाव माझ्याच टेबलावर आलं होतं. फॉर्मवर विचारलेलं असतं, या माणसाला ओळखता का. मी 'नाही' लिहिलं."

जिन्यावरून कुणीतरी खाली उतरलं, त्याची पावलं दोघांच्या डोक्यावरून गेली. काकांनी झाकण परत बसवलं, अंगठ्याने दाबून नीट बसलंय ना ते पाहिलं. फडक्याची घडी घालून ते खणात ठेवून दिलं. मग चादरीच्या गाठोड्याआडून पावतीपुस्तक काढलं, पान उलटलं, पेन झटकून सुरू केलं.

"नाव काय लिहू?"

"काका..."

"पूर्ण नाव सांगा तुमचं."

चाळणीने सांगितलं, आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. काकांनी ते सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. तेच नाव चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी दोऱ्याने घड्याळाला बांधली. पावती फाडून त्याच्या हातात दिली.

"गुरुवारी या," ते म्हणाले. "येताना पावती आणा. पावतीशिवाय मी देत नाही."